सिरॅमिकच्या सिंटरिंगसाठी पावडर कशी तयार करावी: वजनकाट्यापासून भट्टीपर्यंत

मराठवाड्यातील महाविद्यालयांत आणि विद्यापीठांच्या विभागांत फेराइट, टायटनेट किंवा अ‍ॅल्युमिनाच्या पेलेटवर (अशा ऑक्साईड पावडरी दाबून केलेल्या चकत्यांवर) काम करणारे विद्यार्थी एकच तक्रार पुन्हा पुन्हा करतात. एक्स-रे आलेख स्वच्छ येतो, स्फटिकखंडाचा आकार २५-३० नॅनोमीटर निघतो, आणि तरीही सिंटरिंगनंतर (पावडरीचे कण न वितळवता भट्टीत तापवून घट्ट जोडल्यावर) पेलेटची घनता सैद्धांतिक, म्हणजे छिद्ररहित, घनतेच्या ८०-८५ टक्क्यांपुढे सरकत नाही. मग तापमान ५० अंशांनी वाढवले जाते, धारणकाळ (त्या तापमानाला थांबण्याचा वेळ) दुप्पट केला जातो. घनता जेमतेम हलते, ग्रेन (पेलेटमधले स्फटिकदाणे) मात्र फुगून बसतात आणि त्यांच्या पोटात छिद्रे कायमची अडकतात. अशा बहुतेक प्रकरणांत भट्टीचा दोष नसतो. पेलेटचे भवितव्य पावडर वाळवताना, भाजताना आणि दळताना ठरून गेलेले असते. त्या टप्प्यांचा योग्य क्रम, प्रत्येक टप्प्यावरची तपासणी आणि नेहमी होणाऱ्या चुका पुढे दिल्या आहेत. उदाहरणे मुख्यतः अ‍ॅल्युमिनाची आहेत. फेराइट आणि टायटनेटसाठी जिथे वेगळी काळजी लागते तिथे तसे सांगितले आहे.

## आधी समजून घ्यायची एक गोष्ट: भट्टीला कोणता आकार दिसतो

सिंटरिंगमागची प्रेरणा पृष्ठभागाची ऊर्जा कमी होण्यात आहे. कण जितका लहान, तितका एका ग्रॅममागे पृष्ठभाग जास्त आणि अणूंना पार करावे लागणारे अंतर कमी. कणाचा आकार निम्मा केला, तर त्याच तापमानाला तितकेच घनीकरण होण्यास लागणारा वेळ, अणू कणाच्या आतून सरकत असल्यास आठपट आणि ग्रेनच्या सीमेवरून सरकत असल्यास सोळापट कमी होतो. बारीक पावडरीचा आग्रह धरण्यामागे हे गणित आहे.

हे गणित सुटे कण गृहीत धरते. प्रत्यक्षात बारीक कण सुटे राहत नाहीत. ते एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात. गुठळीच्या आत कण दाटीने बसलेले असतात, दोन गुठळ्यांच्या मधे मोठी पोकळी असते. तापमान चढू लागले की गुठळी आतल्या आत लवकर आकसते, शेजाऱ्यांपासून सुटून दूर जाते आणि तिच्याभोवती चंद्रकोरीसारखी भेग उरते. ही भेग आजूबाजूच्या ग्रेनपेक्षा कितीतरी मोठी असते. छिद्राला वेढणाऱ्या ग्रेनची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की ते छिद्र मिटण्याची ओढच उरत नाही. म्हणून २५ नॅनोमीटर स्फटिकखंडांची पण १० मायक्रोमीटरच्या कठीण गुठळ्यांची पावडर, अर्ध्या मायक्रोमीटरच्या सुट्या कणांच्या पावडरीपेक्षा वाईट सिंटर होते.

गुठळ्यांचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. मऊ गुठळीत कणांना केवळ पृष्ठभागावरील दुर्बल आकर्षण आणि ओलावा धरून ठेवतो. ती दळताना किंवा दाब देताना फुटते. कठीण गुठळीत कणांमध्ये घन मान (दोन कणांना जोडणारा पक्का सांधा) तयार झालेली असते, आणि ती प्रेसच्या दाबालाही पुष्कळदा दाद देत नाही. पिठले करताना बेसन आधी थंड पाण्यात कालवून घ्यावे लागते, कारण उकळत्या पाण्यात एकदा गुठळी धरली की पळीने ती मोडत नाही. पावडरीचेही तसेच आहे. पुढचे बहुतेक टप्पे गुठळी कठीण होऊ न देण्यासाठी आहेत.

## टप्पा १: कच्चा माल वाळवणे आणि मग तोलणे

तोलण्यापूर्वी प्रत्येक ऑक्साईड व कार्बोनेट वाळवून घ्यावे. बेरियम कार्बोनेट, टायटॅनियम डायऑक्साईड, आयर्न ऑक्साईड हे २०० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये काही तास ठेवून डेसिकेटरमध्ये थंड करणे सहसा पुरते. लँथॅनम ऑक्साईडचे मात्र तसे नाही. ते हवेतील बाष्प घेऊन हायड्रॉक्साईड बनते, शिवाय कार्बन डायऑक्साईडही शोषते. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या बाटलीतले लँथॅनम ऑक्साईड पूर्णपणे हायड्रॉक्साईड झाले असेल आणि ते ऑक्साईड समजून तोलले, तर लँथॅनम जवळपास १४ टक्के कमी पडते. इतक्या तुटीने दुय्यम फेज (नको असलेली वेगळ्या रचनेची संयुगे) तयार होतात आणि सिंटरिंगचे वर्तनच बदलते. ते ९०० ते १००० अंशांवर भाजून, डेसिकेटरमध्ये थंड करून, लगेच तोलावे. मॅग्नेशियम ऑक्साईडलाही हीच शिस्त लावावी.

पाण्याबाबत तडजोड करू नये. आपल्याकडील बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते आणि उन्हाळ्यात टँकरचे पाणी कुठून आले हे सांगता येत नाही. त्यातील कॅल्शियम आणि सिलिका अ‍ॅल्युमिनाच्या ग्रेनसीमांवर गोळा होतात, तिथे काचेसारखा थर करतात आणि काही ग्रेन इतरांना गिळून अवाढव्य वाढतात. दळण्यासाठी, धुण्यासाठी आणि बाइंडर (पावडर बांधून ठेवणारा चिकट पदार्थ) विरघळवण्यासाठी डिस्टिल्ड किंवा डिआयोनाइज्ड पाणीच वापरावे. भांडी नळाच्या पाण्याने घासली तरी शेवटचे दोन हात याच पाण्याचे असावेत.

सावधान: बेरियम कार्बोनेट विषारी आहे. तोलताना मास्क आणि हातमोजे वापरावेत, पंखा बंद ठेवावा. एप्रिल-मे महिन्यांत खिडकीतून येणारी काळ्या मातीची धूळ लोह आणि सिलिका घेऊन येते. तोलण्याच्या आणि दळण्याच्या वेळी खिडक्या लावून घ्याव्यात.

## टप्पा २: पावडर रासायनिक मार्गाने केली असेल तर

आपल्या भागातील भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांत सायट्रेट-नायट्रेट जेल पेटवून फेराइट करण्याची पद्धत फार रूढ आहे. ती स्वस्त आहे आणि रचना एकसारखी देते. परंतु जळून उरणारी राख हलकी, फेसाळ दिसते म्हणून ती सुटी आहे असा समज होतो, आणि इथेच फसगत होते. ज्वलनाच्या क्षणी तापमान झपाट्याने चढते, स्फटिकखंड जागच्या जागी एकमेकांना जोडले जातात, आणि त्या फेसाच्या भिंती म्हणजे जोडलेल्या कणांचे पापुद्रे असतात. ही राख थेट डायमध्ये (पेलेट दाबण्याच्या साच्यात) भरू नये. ती अ‍ॅगेटच्या खलात मोडावी, भाजावी आणि मग टप्पा ४ प्रमाणे ओली दळावी.

अवक्षेपण पद्धतीत (द्रावणातून घन साका पाडून पावडर करताना) धुणे निर्णायक ठरते. क्लोराईड क्षार वापरले असतील तर धुवणीचे पाणी सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबाने गढूळ होणे थांबेपर्यंत धुवावे. उरलेले क्लोरीन घनीकरणात अडथळा आणते, आणि सोडियम हायड्रॉक्साईड वापरले असल्यास उरलेले सोडियमही. शेवटच्या दोन-तीन धुण्या इथेनॉलने कराव्यात. पाण्यातून वाळताना शेजारच्या कणांवरील हायड्रॉक्सिल गट एकत्र येऊन, पाणी बाहेर टाकून, ऑक्सिजनचा पक्का पूल बांधतात. इथेनॉल त्या गटांची जागा घेते आणि पृष्ठताणही कमी ठेवते. झिर्कोनियासारख्या पावडरीत या एका बदलाने कठीण गुठळ्या मऊ होतात. इथेनॉलचा खर्च वाचवून पुढे भट्टीची वीज जाळण्यात काहीच लाभ नाही.

सावधान: जेल पेटवणे धुराड्याखाली, लहान मात्रेत आणि मोठ्या भांड्यात करावे. बाहेर पडणारे नायट्रोजनचे तपकिरी वायू फुफ्फुसांना घातक असतात.

## टप्पा ३: भाजणी, म्हणजे कॅल्सिनेशन

भाजणीत दोन गोष्टी साधायच्या असतात: कार्बोनेट, नायट्रेट व सेंद्रिय अवशेष पूर्ण घालवणे आणि हवा तो फेज तयार करणे. या दोन्ही गोष्टी ज्या सर्वांत कमी तापमानाला पूर्ण होतात, तेच योग्य तापमान. तापमान अपुरे राहिले तर उरलेला वायू सिंटरिंगच्या वेळी, छिद्रे मिटत असताना, बाहेर पडू पाहतो आणि पेलेट फुगते. तापमान जास्त झाले तर कणांमध्ये माना तयार होतात, म्हणजे सिंटरिंग नको तिथे आणि नको तेव्हा सुरू होते. एक्स-रेची शिखरे अणकुचीदार दिसावीत म्हणून भाजणी १०० अंशांनी वाढवण्याची सवय अनेकांना असते. शिखर सुंदर होते, पावडर बिघडते.

पावडर मुशीत सैल भरावी, ठोकून दाबू नये, आणि थर जाड ठेवू नये. दोन वेळा भाजायचे असल्यास मधे पुन्हा दळावे.

तपासणी: भाजलेल्या पावडरीचा एक ग्रॅम अचूक तोलून, १००० अंशांवर तासभर ठेवून, पुन्हा तोलावा. घट अर्ध्या टक्क्याहून अधिक असेल तर वायू अजून शिल्लक आहे. शिसे किंवा जस्त असलेल्या पावडरीला ही कसोटी लावताना भाजणीच्याच तापमानाला थांबावे, नाहीतर त्या घटकांचे उडून जाणे अवशेषात मोजले जाईल.

## टप्पा ४: दळणे

हा टप्पा सर्वांत जास्त चुकतो, आणि चूक बहुधा क्रमाची असते. भाजणीपूर्वी तासन्‌तास दळले जाते आणि भाजणीनंतर खलात पाच मिनिटे फिरवून पावडर थेट प्रेसखाली जाते. भाजणीपूर्वीचे दळणे घटक मिसळण्यासाठी आहे. भाजणीनंतरचे दळणे भाजणीत तयार झालेल्या माना मोडण्यासाठी आहे. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

कोरडे दळणे एका मर्यादेनंतर उलटते. बारीक कण बरणीच्या भिंतीवर थापी धरतात आणि पुन्हा चिकटतात. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंवा पाण्यात ओले दळावे. पाण्याशी प्रक्रिया करणाऱ्या किंवा ज्यांतून बेरियमसारखे घटक पाण्यात झिरपतात अशा पावडरींसाठी अल्कोहोलच घ्यावे.

साध्या रोलर बॉल मिलसाठी प्रमाण असे ठेवावे. गोळ्यांनी बरणी निम्मी भरावी. पावडर आणि द्रव मिळून गोळ्यांमधल्या फटी भरून गोळे जेमतेम बुडतील इतकेच असावेत. बरणीचा वेग फार वाढवला तर गोळे भिंतीला चिकटून नुसते फिरतात. तो क्रांतिक वेग काढण्यासाठी ४२.३ या संख्येला बरणीच्या मीटरमधील आतील व्यासाच्या वर्गमुळाने भागावे. १५ सेंटिमीटरच्या बरणीसाठी तो मिनिटाला सुमारे ११० फेरे येतो. प्रत्यक्ष वेग त्याच्या ६५ ते ७५ टक्के, म्हणजे ७० ते ८० फेरे ठेवावा. बरणीतून गोळ्यांच्या कोसळण्याचा सलग आवाज आला पाहिजे. आवाज बंद झाला तर वेग जास्त आहे किंवा लगदा घट्ट आहे.

गोळे झिर्कोनियाचे असावेत. स्टीलचे गोळे लोह सोडतात, आणि फेराइटमध्ये लोह चालते असे म्हणून ते वापरणेही बरोबर नाही, कारण त्याने ठरवलेले प्रमाण बदलते.

तपासणी: दळण्यापूर्वी आणि नंतर गोळे धुऊन, वाळवून तोलावेत. ५० ग्रॅम पावडर दळताना गोळ्यांचे ०.४ ग्रॅम वजन घटले असेल तर पावडरीत ०.८ टक्के परकी भर पडली आहे. हा आकडा वहीत लिहावा आणि पुढे गुणधर्मांचा अर्थ लावताना विसरू नये.

पाण्यात दळताना कण एकमेकांना दूर ढकलतील अशी स्थिती निर्माण करणे आवश्यक असते. अ‍ॅल्युमिनाच्या पृष्ठभागावरील विद्युतभार सामू ८ ते ९ च्या दरम्यान शून्य होतो. तिथे कण झुपके करतात आणि लगदा दह्यासारखा होतो. नायट्रिक आम्लाच्या काही थेंबांनी सामू ४ च्या आसपास आणला, की तोच लगदा पातळ वाहू लागतो. अमोनियम पॉलिअ‍ॅक्रिलेटसारखे विखुरक वापरल्यास अल्कधर्मी बाजूलाही काम होते. सोडियमचे विखुरक टाळावे.

### गुठळ्या उरल्या आहेत का, हे कसे पाहावे

बीईटी पृष्ठफळ (वायूच्या शोषणावरून मोजलेला एका ग्रॅममागचा पृष्ठभाग) उपलब्ध असेल तर ६ ला घनता आणि पृष्ठफळ यांच्या गुणाकाराने भागावे. घनता ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आणि पृष्ठफळ चौरस मीटर प्रति ग्रॅम असल्यास उत्तर, म्हणजे कणाचा सरासरी व्यास, मायक्रोमीटरमध्ये येते. अ‍ॅल्युमिनाची घनता ३.९८ आणि पृष्ठफळ १० असल्यास कण ०.१५ मायक्रोमीटरचा. लेसर पद्धतीने मोजलेला मध्यम आकार याच पावडरीसाठी ३ मायक्रोमीटर आला, तर एकेका गुठळीचा व्यास कणाच्या वीसपट आहे आणि दळणे अपुरे आहे. हे गुणोत्तर दोन-तीनपर्यंत आणता आले तर पुढचे काम सोपे होते. एक्स-रे शिखराच्या रुंदीवरून काढलेला आकार या हिशोबात घेऊ नये. तो स्फटिकखंडाचा आहे, कणाचा नाही आणि गुठळीचा तर मुळीच नाही.

ही उपकरणे नसतील तर उंच मोजपात्र पुरते. चिमूटभर पावडर सामू ४ च्या पाण्यात टाकून, अल्ट्रासॉनिक बाथमध्ये काही मिनिटे ठेवून, १० सेंटिमीटर उंचीपर्यंत भरावी आणि हलवून स्थिर ठेवावी. १० मायक्रोमीटरचा घन अ‍ॅल्युमिना कण एवढे अंतर सुमारे ९ मिनिटांत उतरतो. १ मायक्रोमीटरच्या कणाला सुमारे १५ तास लागतात. सच्छिद्र गुठळी त्याच आकाराच्या घन कणापेक्षा थोडी सावकाश उतरते. अर्ध्या तासात तळाशी स्पष्ट थर दिसला, तर अल्ट्रासॉनिकलाही न फुटलेल्या कठीण गुठळ्या त्यात आहेत.

## टप्पा ५: वाळवणे आणि दाणेदार करणे

दळलेला लगदा ताटात ओतून रात्रभर ओव्हनमध्ये ठेवू नये. जड व मोठे कण तळाशी बसतात, विरघळलेले क्षार आणि बाइंडर पृष्ठभागाकडे सरकतात, आणि सकाळी हाती येते ती विटेसारखी वडी. लगदा सतत ढवळत घट्ट पेस्ट होईपर्यंत आटवावा, मग पसरून ८० ते १०० अंशांवर वाळवावा. अल्कोहोल असेल तर उघडी ज्योत आणि उघड्या तारेची शेगडी दूर ठेवावी.

बाइंडर म्हणून पॉलिव्हिनिल अल्कोहोल पावडरीच्या १ ते २ टक्के पुरते. २० ग्रॅम पावडरीला १.५ टक्के द्यायचे तर ५ टक्क्यांचे ६ ग्रॅम द्रावण लागते. द्रावण ८०-९० अंशांवर ढवळत पूर्ण पारदर्शक करावे व गाळून घ्यावे. न विरघळलेला जेलचा कण जळून गेल्यावर तेवढेच मोठे छिद्र ठेवून जातो. ओलसर पावडर ६० मेशच्या, म्हणजे २५० मायक्रोमीटरच्या, चाळणीतून हलक्या हाताने दाबून काढावी, म्हणजे वाहणारे दाणे मिळतात. हे दाणे मुद्दाम केलेल्या मऊ गुठळ्या आहेत. दाबाखाली ते पूर्ण चुरडले जाणे अपेक्षित असते.

इथे आपल्या हवामानाचा थेट संबंध येतो. या बाइंडरला लवचीक ठेवणारा घटक पाणी आहे. मे महिन्याच्या कोरड्या हवेत दाणे कडक होतात, दाबाखाली चुरडत नाहीत, आणि फोडलेल्या पेलेटमध्ये दाण्यांच्या सीमा भेगांच्या रूपाने दिसतात. पावसाळ्यात तेच दाणे डायला चिकटतात. उपाय सोपा आहे: मॅग्नेशियम नायट्रेटचे संपृक्त द्रावण तळाशी ठेवलेल्या बंद डब्यात दाणे एक दिवस ठेवावेत. तिथे सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या जरा वर स्थिर राहते आणि वर्षभर एकसारखे दाणे मिळतात.

## टप्पा ६: दाब देणे

प्रेसच्या गेजवरचा आकडा म्हणजे पेलेटवरचा दाब नव्हे. एक टन भार १० मिलिमीटरच्या डायवर सुमारे १२५ मेगापास्कल दाब देतो, १३ मिलिमीटरच्या डायवर सुमारे ७४. त्यामुळे "३ टनावर दाबले" एवढी नोंद निरुपयोगी आहे. डायचा व्यास आणि मेगापास्कल लिहावेत. साधारण १०० ते २०० मेगापास्कल पुरतात. त्याहून जास्त दाबाने घनता थोडी वाढते, पण दाब काढताना पावडर परत फुलते आणि पेलेटची टोपी निघते किंवा आडवे पापुद्रे सुटतात. दाब हळू चढवावा, अर्धा-एक मिनिट धरावा, त्याहून हळू उतरवावा. डायच्या भिंतीला स्टिअरिक आम्लाचा पातळ हात द्यावा.

तपासणी: पेलेटचा व्यास, जाडी आणि वजन मोजून कच्ची, म्हणजे भट्टीआधीची, घनता काढावी. १३ मिलिमीटर व्यास, ३ मिलिमीटर जाडी आणि ०.८७ ग्रॅम वजनाची अ‍ॅल्युमिना पेलेट सुमारे ५५ टक्के सैद्धांतिक घनतेची असते. ५० टक्क्यांखाली आलेली पेलेट भट्टीत टाकूच नये. टप्पा ४ कडे परतावे. बाइंडरचे वजन आणि ओलावा या आकड्यात मिळवलेला असतो, हेही ध्यानात असावे.

## टप्पा ७: भट्टी

बाइंडर घालवण्यासाठी ५०० ते ६०० अंशांपर्यंत मिनिटाला १ अंशाच्या गतीने जावे आणि तिथे तासभर थांबावे. भट्टीची वाट हवेसाठी मोकळी ठेवावी. घाई केली तर पेलेट फुगते, तडकते किंवा आत काळी राहते. त्यानंतर ३ ते ५ अंशांची गती चालते. सबमायक्रॉन अ‍ॅल्युमिनाला १५०० ते १६०० अंशांची भट्टी लागते. कॅन्थल तारेच्या साध्या मफल भट्टीचे ते काम नाही. पेलेट त्याच रचनेच्या पावडरीच्या थरावर ठेवावी, आणि जस्त किंवा शिसे असेल तर वरूनही तीच पावडर घालून मूस झाकावी, म्हणजे उडून जाणाऱ्या घटकाची वाफ भोवती टिकून राहते.

वीज गेल्यास, ६०० अंशांच्या आत असताना भट्टी थंड होऊ देऊन तोच टप्पा पुन्हा सावकाश घ्यावा. धारणकाळात वीज गेली असेल तर ती पेलेट तुलनेच्या मालिकेतून काढून टाकावी, कारण तिचा उष्णतेचा इतिहास इतरांसारखा राहिलेला नसतो.

## टप्पा ८: घनता मोजणे आणि दोष कुठे आहे ते शोधणे

पेलेट कोरडी तोलावी, पाण्यात उकळून छिद्रांत पाणी शिरू द्यावे, मग पाण्यात लटकवून आणि वरचे पाणी ओल्या कापडाने टिपून हवेत तोलावी. कोरड्या वजनाला, ओले वजन वजा लटकते वजन या फरकाने भागून, पाण्याच्या त्या तापमानाच्या घनतेने गुणावे. व्यासाचाही पडताळा घ्यावा: ५५ टक्क्यांवरून ९७ टक्क्यांवर गेलेली १३ मिलिमीटरची पेलेट सर्व दिशांनी सारखी आकसल्यास सुमारे १०.८ मिलिमीटर उरते. ती एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त आकसली असेल तर डायमध्ये पावडर असमान पसरली होती.

घनता कमी आली तर तापमानाला हात लावण्यापूर्वी पेलेट मोडून तुटलेला पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. सगळीकडे सारखी बारीक छिद्रे आणि लहान ग्रेन दिसत असतील तर तापमान किंवा वेळ खरोखर कमी पडला आहे, आणि फक्त याच स्थितीत तो वाढवावा. दाट बेटे आणि त्यांच्याभोवती चंद्रकोरीच्या आकाराच्या भेगा दिसल्या तर कठीण गुठळ्या उरल्या होत्या. टप्पा ३ चे तापमान उतरवून टप्पा ४ पुन्हा करावा. बहुकोनी दाण्यांची जाळी दिसली तर टप्पा ५ मधले दाणे कडक होते. सुटी, गोल, मोठी छिद्रे बाइंडरच्या जेलची किंवा धुळीच्या तंतूची असतात. मोजक्या राक्षसी ग्रेनमध्ये छिद्रे कोंडलेली दिसली तर अशुद्धता किंवा अति तापमान पाहावे. अ‍ॅल्युमिनात काहीशे पीपीएम (दहा लाखांत काहीशे भाग) मॅग्नेशियम ऑक्साईड दळतानाच मिसळल्याने ही वाढ आवरते.

एका वेळी एकच टप्पा बदलावा आणि दळलेल्या पावडरीचा काही भाग प्रत्येक वेळी हवाबंद बाटलीत राखून ठेवावा. बाटलीवर भाजणीचे तापमान, दळण्याचे तास, गोळ्यांची घट आणि मोजपात्रात अर्ध्या तासाने दिसलेल्या थराची उंची लिहावी. पुढच्या खेपेची पेलेट वेगळी निघाली तर तुलना याच बाटलीशी करावी लागते.